खालच्या वाडीचं गाऱ्हाणं

या देशात कुठल्याही ॲपच्या अटी आणि शर्ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच 'मान्य आहे'वर बोट ठेवणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी थोरली मेहुणी आहे. ज्यांनी त्या अटी लिहिल्या त्यांनीसुद्धा त्या पुन्हा वाचल्या असतील असं मला वाटत नाही. ताई मात्र चष्मा पुसतात, पंख्याखाली बसतात आणि जमिनीचा सातबारा वाचावा तशा वाचतात. एकदा लालबागच्या त्यांच्या घरी दिवे गेले होते. मी म्हटलं, फोनमध्ये टॉर्चचं ॲप टाकून देतो. अंधारात तेवढ्या एका पडद्याच्या उजेडात त्यांनी सगळ्या अटी वाचल्या आणि मला विचारलं, "भाऊजी, हा टॉर्च माझ्याकडचे सगळे फोन नंबर का मागतोय? त्याला कुणाला फोन करायचाय?" तेवढ्यात दिवे आले. टॉर्चला परवानगी मिळाली नाही ती नाहीच, आणि ताईंच्या उशाशी अजून सेल घालायची बॅटरी असते.

मी मूळचा वाईकडचा, वाढलो दादरला. लग्न झाल्यावर या मालवणी घरात आलो आणि ताई माझ्या वाट्याला आल्या, असं मी म्हणतो. माझी बायको म्हणते की मी ताईंच्या वाट्याला आलो. काही असो. ताईंनी लग्न केलं नाही. आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं आणि उभी हयात टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढली. कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायचं, हे काम. त्यामुळे यंत्रातून बोलणारा प्रत्येक आवाज हा त्यांच्या लेखी जिवंत माणूसच असतो आणि त्याला माणसाचाच मान मिळतो. मोबाइलवर जाहिरात लागली की आपण पाच सेकंद दात-ओठ खातो आणि ती उडवतो. ताई उडवत नाहीत. "समोरचा बोलतोय ना, मग मधेच तोंड काय फिरवायचं?" असं म्हणून त्या शेवटपर्यंत ऐकतात. आमच्या घरी तो बोलणारा स्पीकर आहे, गाणी लाव म्हटलं की लावतो. त्याच्यातल्या बाईला आम्ही दिवसभर हुकूम सोडतो हे पाहून ताई माझ्या बायकोवर, म्हणजे हिच्यावर, उखडल्या होत्या. "राबवता नुसती तिला. एकदा थँक्यू तरी म्हणा." मग स्वतःच म्हणाल्या. स्पीकरने आतून गोड आवाजात आभार परत केले. त्यावर ताईंनी आमच्याकडे असं पाहिलं की संस्कार या विषयावर दुसरं काही बोलायची गरज राहिली नाही.

अपडेटच्या बाबतीत त्यांचं धोरण मी आता स्वतःसुद्धा पाळतो. नवं अपडेट आलं की त्या हात लावत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना उतावळेपणाने सगळं टाकून घ्यायची खोड आहे. त्यांना आधी टाकू द्यायचं, जिन्यात भेटले की "काय, बरा आहे ना फोन?" म्हणून विचारायचं, आणि फोनची तब्येत ठीक असल्याची खात्री पटली की मग आपण. त्या शेजाऱ्यांना वाटतं, ताई किती आपुलकीने चौकशी करतात.

आणि खंडेनवमी. ताईंचे वडील आणि थोरले काका, म्हणजे अण्णा, दोघेही गिरणीत होते. खंडेनवमीला गिरणीतल्या यंत्रांची पूजा व्हायची आणि बायकापोरांना साच्यांपर्यंत, म्हणजे मागांपर्यंत, आत नेऊन दाखवायचे, ते ताईंच्या डोळ्यांसमोर अजून आहे. गिरण्या गेल्या, पूजा राहिली. त्या दिवशी ताईंच्या पाटावर टॅबलेट, मोबाइल, राउटर, चार्जर, झालंच तर टीव्हीचा रिमोट असे सगळे ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकाला हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं एक फूल. दिवसभर कुणी चालू करायचे नाहीत, यंत्रांना सुट्टी. एका वर्षी त्या आमच्याकडे होत्या आणि माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचीही पूजा झाली. हळदकुंकू नेमकं कॅमेऱ्यावर लागलं. दसरा झाल्यावर मी मीटिंगला बसलो, तर बंगलोरचे साहेब सगळं काम थांबवून विचारू लागले की मला कावीळ झाली आहे की गोवर. मी काच पुसली, पण त्याच्या कडेला एक लाल रेघ राहिली आहे आणि मी ती राहू दिली आहे.

निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या मैत्रिणींनी ताईंना टॅबलेट भेट दिला. तो त्यांनी पंचांग बघण्यापुरता घेतला होता. पण पंचांगात एकदा जाहिरात लागली, आणि जाहिरात उडवायची नाही हा तर नियम. ती होती एका गेमची. आपला किल्ला बांधायचा, तटबंदी करायची, तोफा चढवायच्या आणि दुसऱ्याच्या किल्ल्यावर चालून जायचं. ताईंनी आधी अटी वाचल्या, त्यात काही वावगं सापडलं नाही. मग आवळा सुपारी तोंडात टाकून त्या खेळायला बसल्या, त्या आजतागायत उठलेल्या नाहीत.

या गेममध्ये एकट्यादुकट्याचं काही चालत नाही. पन्नासेक खेळाडूंनी मिळून एक गट करायचा असतो आणि गटाने गटाशी लढायचं असतं. पोरं त्याला क्लॅन म्हणतात. ताई वाडी म्हणतात. आपल्या गावच्या वाडीवरूनच त्यांनी गटाला 'खालची वाडी' असं नाव दिलं आणि जगभरच्या त्या सिंहांच्या, वाघांच्या, मृत्यूच्या आणि अंधाराच्या नावाच्या टोळ्यांमध्ये ही खालची वाडी जाऊन उभी राहिली. वाडीत कुणी लुधियानाचा, कुणी जोरहाटचा, कुणी कोट्टयमचा. नवा माणूस आला की बाकीचे गट त्याची लेव्हल विचारतात. ताई हेडफोन लावून विचारतात, "लेव्हल बाद में. पहिले गाव बोलो. घर में कौन कौन है?" यात अर्धे पळून जातात. जे उरतात ते घरचे होतात. मग जोरहाटच्या त्या दातांच्या डॉक्टरणीला खोकला झाला की ताई तिला ज्येष्ठमध चघळायला सांगतात, आणि ती डॉक्टर असून चघळते.

वाडीचे कायदे कडक. शिवीगाळ नाही. एकाने समोरच्या गटाला काहीतरी अभद्र लिहिलं, तर ताईंनी त्याला त्यांची माफी मागायला लावली. समोरचा गट इतका गडबडला की लढाई हरला, आणि त्यांच्यातले दोघं नंतर वाडीत राहायला आले. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत हल्ला करायचा नाही, हा दुसरा कायदा. उपास ताईंचा एकटीचा, पण हत्यारं सगळ्यांची म्यान. लुधियानाचा एक सायकलचे सुटे भाग विकणारा सरदार वाडीत आहे, सगळे त्याला पाजी म्हणतात. तो दर संकष्टीला आपल्या गच्चीवर उभा राहून विचारतो, "दीदी, इधर तो निकल आया. उधर निकला क्या?" इकडे लालबागला समोरच टॉवर उभा राहिल्यापासून चंद्र अर्धा तास उशिरा दिसतो. पाजी बिचारा तोफा भरून थांबतो. मी एकदा म्हटलं, अहो पंचांगात वेळ दिलीय ना, डोळ्याला दिसायची वाट कशाला बघता? ताई म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या वाईला देव घड्याळ बघून उगवतो वाटतं."

हे सगळं मला माहीत होतं आणि मी त्यावर यथेच्छ हसत होतो. पण एका रविवारी मी घावणे घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. ताई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, कानाला हेडफोन, टॅबलेट समोर मेजावर, आणि हातात चक्क नारळ. आणि त्या खड्या आवाजात म्हणत होत्या, "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा खयच्या खयच्या मुलखातसून हय एक जाली हत, त्यांका सांभाळून घे रे म्हाराजा." टॅबलेटच्या आवाजाचं काहीतरी चुकलं होतं, त्यामुळे हेडफोन असूनही पलीकडचं सगळं खोलीत ऐकू येत होतं. पंजाबी, आसामी, मल्याळी असे सतरा आवाज एकदम उमटले, "व्हय म्हाराजा." ताई पुढे म्हणाल्या, "समोरच्या वाडीच्या तोफो थंड पडांदेत, आमच्या पोरांचा नेटवर्क मधीच जाव नको, आणि कोण हरलो तरी कोणाच्या मनात राग रवा नको रे म्हाराजा." पुन्हा सगळे, "व्हय म्हाराजा."

मालवणी मुलखात कुठलंही काम सुरू करण्याआधी देवाला असं गाऱ्हाणं घालतात. घरातला वडीलधारा पुरुष नारळ हातात घेऊन घालतो, बाकीचे हुंकार भरतात. ताईंच्या घराण्यात ते अण्णा घालत आले. बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकतात. एवढी वर्षं या घरचा जावई असून, एखाद्या बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी प्रथमच ऐकत होतो.

लढाईवर पोरं सुटली तशा ताई वळल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, मी आता थट्टा करणार या भीतीने. पण कारण वेगळंच होतं. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अण्णांच्या कानावर घालू नका. देवाचं गाऱ्हाणं मी बाईमाणसाने घातलं, तेही खेळात. त्यांना काय वाटेल?" मी विचारलं, तुम्हाला हे सगळं पाठ कसं? त्या म्हणाल्या, "दारात उभं राहून कान थोडेच बंद होतात." मग घावण्याचा डबा उघडत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लहानपणापासून एकदा तरी घालायचं होतं हो. घरात कुणी विचारलं नाही. इकडे विचारायला कुणी नव्हतंच, म्हणून घातलं." मी हिलासुद्धा काही बोललो नाही.

मग चैत्रात अण्णांना झटका आला. जिवावरचं बोटावर निभावलं, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एखादा शब्द यायचा, तोही फार ओढून. घराण्याचा गणपती भोईवाड्यात अण्णांकडे बसतो, सगळं खानदान तिथे जमतं. गाऱ्हाणं आता कोण घालणार, यावर आषाढापासून फोनाफोनी सुरू झाली. अण्णांच्या तिन्ही मुलांना 'बा देवा'च्या पुढे येत नव्हतं. थोरले दादा म्हणाले, काळजी नको, ऑनलाइन मिळतं, चांगल्या आवाजात आहे, स्पीकरवर लावू. ताईंनी हे ऐकलं आणि फोन ठेवून दिला. दोन दिवस वाडीने एकही किल्ला पाडला नाही. हिने मला विचारलं, "ताईला काय झालंय?" मला ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं.

चतुर्थीला भोईवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात पाजी आलेला. धंद्याच्या कामाने मुंबईत होता आणि ताईंनी त्याला गणपतीला बोलावलं होतं. सहा फुटांचा तो माणूस मोदकांचं ताट सांभाळत पलंगाच्या कोपऱ्यावर अंग चोरून बसला होता. "ओळखीतले आहेत," एवढीच ओळख ताईंनी करून दिली. गेमचं नाव काढायचं नाही, अशी त्याला आधीच तंबी होती.

आरती झाली. अण्णांना खुर्चीत देवासमोर आणून बसवलं, मांडीवर नारळ ठेवला. दादांनी फोन स्पीकरला जोडला. आधी कंबरदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. दादांनी ती घाईघाईने उडवली. मग गाऱ्हाणं सुरू झालं, आवाज खरंच चांगला होता. पण ते दुसऱ्याच कुठल्या गावचं होतं. देव त्यांचा, वेस त्यांची, आणि तो बुवा त्यांच्याच लेकरांचं भलं मागत होता. कुणी हुंकार भरायचा, कळेना. दोघातिघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, मग तेही गप्प झाले. अण्णा डाव्या हाताने फोन दूर लोटायला लागले. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडातून नुसता "नाय, नाय." दादांनी फोन बंद केला. देवापुढे गाऱ्हाणं अर्धवट तुटणं म्हणजे केवढा अपशकुन, ते त्या घरातल्या चेहऱ्यांवर दिसत होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून.

कोपऱ्यातून पाजी अगदी साधेपणाने म्हणाला, "दीदी को आता है ना."

सगळ्यांनी वळून बघितलं. दादांनी विचारलं, "आपको कैसे मालूम?" पाजीने ताईंकडे बघितलं, मग छताकडे, आणि म्हणाला, "वो मैं नहीं बता सकता जी. दीदी ने मना किया है." एरवी यावर घर कोसळलं असतं हसून. त्या वेळी कुणी हसलं नाही. मधले भाऊ पुटपुटले, "पण बायकांनी कधी घातलंय आपल्यात?" मला राग आला, पण मी जावई, तोंड मिटून राहिलो. अण्णा मात्र ताईंकडे बघत होते. मग त्यांनी मांडीवरचा नारळ डाव्या हाताने धरला आणि ताईंपुढे केला.

ताई आल्या, नारळ घेतला, देवासमोर उभ्या राहिल्या. आणि आवाज फुटेना. वाडीपुढे गर्जणाऱ्या त्या बाईचे नुसते ओठ हलत होते. ही माझा दंड घट्ट धरून उभी. मागून पाजी काळजीने कुजबुजला, "दीदी, माइक म्यूट है क्या?"

ताईंना हसू आलं. हसता हसता गळा मोकळा झाला आणि त्यांनी सुरुवात केली. "बा देवा गजानना, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा." आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा स्वच्छ आवाजात हुंकार आला तो अण्णांचा. "व्हय म्हाराजा." त्यांच्या सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. मग सगळ्या घराचा हुंकार उठला. ताईंनी एकेकाचं नाव घेतलं. दादांचा गुडघा, मधल्यांच्या लेकीची परीक्षा, दुबईतला भाचा, आमचं घर, अण्णांची वाचा. पाजीच्या दुकानाला बरकतसुद्धा मागितली. दर वेळी पाजीचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांवर वरताण. मग "काय चुकला माकला असात ता पदरात घे" म्हणून ताईंनी शेवट केला आणि नारळ ठेवायला वाकल्या.

अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. तोंड वाकडंतिकडं करत ते शब्द शोधत होते. शेवटी तीन शब्द आले. "हिचा... बरा... कर."

बायकोने मला नंतर सांगितलं की ताई लग्नाच्या होत्या तोवर अण्णांच्या गाऱ्हाण्यात त्यांचं नाव असायचं, हिला चांगलं स्थळ मिळू दे म्हणून. ते वय टळलं आणि त्यानंतर त्यांच्यासाठी काय मागायचं हे कुणाला सुचलं नाही, म्हणून नाव गळालं. त्या दिवशी मात्र सगळ्या घराने एका दमात "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि ताई लहान मुलीसारख्या रडल्या.

अण्णा माघात गेले. वाडी जोरात आहे, पाजी अजून गच्चीत उभा राहून चंद्र कळवतो. यंदा भोईवाड्यात गाऱ्हाणं कोण घालणार हा प्रश्नही कुणी काढला नाही, दादांनी सरळ नारळ ताईंच्या हातात दिला. त्यांनी सगळ्यांची नावं घेतली आणि शेवटाला येऊन थांबल्या. कशासाठी थांबल्या ते सगळ्यांना कळलं, पण अण्णांची जागा कुणी घ्यायची, या संकोचात सगळेच अडकले. हिने घसा खाकरला, तर तिला रडूच फुटलं. मग मीच, माझ्या त्या घाटावरच्या मराठीत, हळूच म्हटलं, "देवा, ताईंचं भलं कर." घराने हुंकार भरला. ताईंनी नारळ देवापुढे ठेवला. मग डोळे पुसून वळल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, पुढल्या वर्षी जरा मोठ्याने."